बेचाळीस वर्षं चोरीला गेलेली रायफल

डेन्झिल कॉफमनचा फोन दर गुरुवारी सकाळी दहाला यायचा. दहा म्हणजे दहा, पाच मिनिटं इकडे नाही की तिकडे नाही. हॅलो नाही, रामराम नाही, थेट "रिंडा, लिहून घे." मग तो एकेक आकडा सांगायचा. मध्ये चष्मा सारखा करायचा, बंदूक उजेडाकडे फिरवायचा, ते सगळं मला इकडे ऐकू यायचं. मी नंबर संगणकात घालायची. चोरीच्या यादीत तो नसला की म्हणायची, "स्वच्छ." तो म्हणायचा, "पुढचा घे."

मी शेरीफच्या ऑफिसात डेप्युटी आहे. गुडघा गेल्यापासून टेबलाचं काम करते. पश्चिम व्हर्जिनियाच्या या डोंगरांत आमची काउंटी एवढीशी, आणि बकहॉर्न खोरं तर तिच्यातही कोपऱ्यात. इथं घरटी माणसं कमी आणि बंदुका जास्त. हरणांच्या हंगामाचा पहिला सोमवार म्हणजे शाळांनाही सुट्टी. मास्तर रानात आणि पोरंही रानात, शिकवणार कोण आणि कोणाला? त्यामुळे जुन्या बंदुका विकणारं दुकान खोऱ्यात असणं यात नवल नव्हतं. नवल होतं ते डेन्झिलच्या नियमाचं. कोणी बंदूक विकायला आणली की ती त्याच्याकडे गुरुवारपर्यंत राहायची. नंबर स्वच्छ निघाला तर शुक्रवारी पैसे. पाद्री असो, सख्खा भाचा असो, नियम तोच. कायद्यानं त्याला असं काही बंधन नव्हतं. तीस मैलांवरचा दुकानदार बंदूक डाव्या हातानं घ्यायचा आणि उजव्या हातानं पैसे द्यायचा.

नंबर तपासायचं हे काम वाटतं तितकं सोपं नाही, हेही मला डेन्झिलनंच शिकवलं. जुन्या रिव्हॉल्व्हरचा चक्राकार भाग बाहेर काढला की आत एक नंबर दिसतो. लोक खुशाल तोच वाचतात. तो असतो कारखान्यातल्या जुळणीचा. खरा नंबर मुठीच्या बुडाला, कधीकधी मुठीच्या लाकडाखाली लपलेला. आता जुळणीचा नंबर तपासला तर बंदूक स्वच्छच निघणार, मग ती गव्हर्नरच्या उशाखालून का आणलेली असेना. लाकडाच्या गिरणीतल्या एका शहाण्यानं मला एकदा तीन वेगवेगळ्या बंदुकांचा एकच नंबर सांगितला. तो नळीवर कोरलेला पेटंटचा नंबर निघाला. डेन्झिलला हे सांगितलं तर म्हणाला, "त्याला विचार, त्याच्या तिन्ही पोरांचा वाढदिवसही एकाच दिवशी असतो का."

असा माणूस. हसायचा नाही, हसवायचा.

त्याच्या नियमामागचं कारण खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. एक्क्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात, हंगामाच्या आदल्या आठवड्यात, हार्लन टेटरची रायफल रानातल्या खोपटीतून नाहीशी झाली. खोपटी हार्लन आणि डेन्झिल दोघांची. दोघांनी मिळून बांधलेली, किल्ल्या दोनच. कुलूप फुटलेलं नव्हतं. रायफल साधीसुधी नव्हती. तिचा दस्ता डेन्झिलनं स्वतःच्या परसातल्या काळ्या अक्रोडाच्या लाकडाचा घडवला होता आणि हार्लनला लग्नात भेट दिला होता. हार्लननं शेरीफकडे चोरी लिहवली. नाव कोणाचं घेतलं नाही. घ्यायची गरजच पडली नाही, कारण दुसऱ्या किल्लीला नाव होतंच.

शेरीफच्या माणसांनी डेन्झिलचं दुकान दोन दिवस उलटंपालटं केलं. जमिनीच्या फळ्यासुद्धा उचकटल्या. काही मिळालं नाही. आता काही मिळालं नाही म्हणजे माणूस सुटला असं शहाण्यासुरत्या गावात होत असेल. आमच्या खोऱ्यात त्याचा अर्थ झाला, त्यानं ती विकली. बंदुकीचा कारागीर, नंबर घासून टाकणं त्याच्या डाव्या हातचा मळ! त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला नाही, खटला झाला नाही, आणि म्हणूनच तो निर्दोषही ठरला नाही. तो तसाच लटकत राहिला.

पुढच्याच महिन्यापासून त्यानं प्रत्येक बंदुकीचा नंबर तपासून घ्यायला सुरुवात केली. त्यावर माझे वडील जेवणाच्या टेबलावर म्हणायचे, "कर नाही त्याला डर कशाला? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!" मी तेरा वर्षांची होते. आमची बंदूक दुरुस्तीला तीस मैलांवर जाऊ लागली. वडील गेले, मी मोठी झाले, नोकरीला लागले, पण ते मत घरातल्या जुन्या कपाटासारखं जागच्या जागी राहिलं. कोणी हलवलंच नाही.

एकदा मी त्याला विचारलं होतं, "खोरं सोडून का नाही गेलात तुम्ही?"

"गेलो असतो तर चोर पळाला म्हणाले असते," तो म्हणाला. "पुढचा नंबर घे."

त्याला एकच हवं होतं. मरायच्या आधी ती रायफल कुठंतरी निघावी. गहाणवटीच्या दुकानात निघो, ओहायोतल्या कोणाच्या माळ्यावर निघो, नदीत निघो. निघाली की ती तिथं कोणी नेली तेही निघेल. हे तो बोलून दाखवायचा नाही, पण त्याची बायको ओपल बोलायची. ओपल एकोणीस वर्षांपूर्वी गेली. आता तो एक्क्याऐंशी वर्षांचा झाला होता, आणि हार्लन टेटर या ऑगस्टमध्येच वारला होता. कबरीवरच्या मातीनं अजून गवत धरलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या एका मंगळवारी फोन वाजला. मंगळवारी!

"रिंडा, लिहून घे. एकच आहे."

आणि त्यानं नंबर सांगितला. चष्मा सारखा केला नाही, उजेडाकडे काही फिरवलं नाही. शाळेत पाढा म्हणावा तसा एका दमात सांगून मोकळा. मी टाइप केला. पडद्यावर ओळी उमटल्या. चोरीची. रायफल. तक्रार आमच्याच ऑफिसची. नोव्हेंबर, एक्क्याऐंशी. तक्रारदार हार्लन टेटर.

माझे हात टेबलावरच राहिले. संगणकातली चोरीची बंदूक कधी मरत नाही. ज्यानं तक्रार दिली त्यानं येऊन "सापडली" म्हणेपर्यंत ती चोरीचीच राहते, माणसं मरून जातात तरीही.

"रिंडा?"

"डेन्झिल, मी येते तिकडे," मी म्हटलं. "बंदूक तिथंच ठेवा. आणणारा माणूस..."

"इथंच आहे. खुर्ची दिली आहे बसायला," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

गाडी चालवताना माझ्या मनात काय आलं ते सांगते, लाज वाटते तरी सांगते. मला वाटलं, म्हाताऱ्यानं शेवटी स्वतःच काढली बाहेर. हार्लन मेल्यावर.

दुकानाचं दार सताड उघडं होतं. रस्त्यापलीकडे पशुखाद्याच्या दुकानाच्या ओसरीवर नेहमीची दोन माणसं बसली होती. त्यांनी माझी सरकारी गाडी पाहून माना लांब केल्या. आत खुर्चीवर वॅनेटाबाई बसल्या होत्या. हार्लनची बायको, आता विधवा. चर्चला जाताना घालतात तो कोट, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. काउंटरवर करड्या घोंगडीत रायफल. डेन्झिल काउंटरमागे उभा होता आणि फडक्यानं हात पुसत होता. हात स्वच्छच होते.

"ही कोणी आणली?" मी विचारलं. माझं मलाच खुळ्यासारखं वाटलं.

"मी," वॅनेटाबाई म्हणाल्या. "विकायला."

"यांना सांग," डेन्झिल मला म्हणाला. "पडद्यावर काय आलं ते सांग."

नियमाप्रमाणे तक्रारदाराचं नाव कोणाला सांगायचं नसतं. पण तक्रारदार कबरीत, त्याची बायको समोर. मी कागद वाचला. चोरीची तारीख, ठिकाण, नाव.

वॅनेटाबाईंनी मान हलवली, जशी वाणसामानाची यादी बरोबर असल्यावर हलवतात. "माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "चोरीला गेलीच नव्हती ती."

डेन्झिलचं फडकं थांबलं.

"खोपटीत आदल्या वर्षी कोणीतरी घुसलं होतं, आठवतं?" त्या त्याच्याकडे बघून बोलू लागल्या. "डबे पळवले होते, कंदील पळवला होता. तेव्हापासून हार्लनला धास्ती. त्या रात्री झोपायच्या आधी त्यानं रायफल भिंतीच्या आतल्या बाजूला, फळ्यांच्या मागे उभी केली आणि फळी ठोकून टाकली. त्या संध्याकाळी तुम्ही सगळे प्यायला होतात, की तो एकटाच?"

"तो एकटाच," डेन्झिल म्हणाला. "मी खाली दुकानात आलो होतो. गिऱ्हाईक होतं."

"हां. तर तो साफ विसरला. सकाळी उठतो तर रायफल नाही. एकोणनव्वद साली आम्ही भिंत नवी केली तेव्हा फळी निघाली आणि रायफल त्याच्या पायावर पडली."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथं गावाला नुसता वळसा नव्हता घातला, एका माणसाचं घर पोखरून झालं होतं.

"एकोणनव्वद," डेन्झिल म्हणाला.

"हो."

"चौतीस वर्षं तुला माहीत होतं, वॅनेटा?"

"हो."

"आणि तो हार्लन दर हंगामात माझ्या दारावरून ट्रक घेऊन जायचा. हात वर करायचा नाही."

"त्याला धीर झाला नाही. दर वर्षी म्हणायचा, हंगाम झाला की जाईन, शेरीफला सांगेन. मग ख्रिसमस यायचा. मग बर्फ पडायचं." वॅनेटाबाई थांबल्या. "मी त्याला दोष देत नाही असं नाही. देते. पण मी तरी कुठं आले? नवरा खोटा पडेल म्हणून गप्प बसले. मग इतकी वर्षं गेली की तोंड उघडायचीच लाज वाटायला लागली. ती रायफल त्यानं नंतर एकदासुद्धा चालवली नाही. चालवणार कशी? दस्ता बघून कोणीही ओळखली असती. घोंगडीत गुंडाळून पलंगाखाली. मी तिच्यावरून झाडू फिरवायची."

डेन्झिलनं घोंगडी पूर्ण उलगडली. अक्रोडाचं लाकूड काळपट झालं होतं, पण रेषा तशाच. त्यानं दस्त्यावरून अंगठा फिरवला.

"ओपल गेली," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "ओपल गेली तेव्हा माझ्या दारात जेवणाची आठ भांडी आली. आठ! या खोऱ्यात कोणी मेलं की त्या घरात भांडी ठेवायला जागा उरत नाही. ओपलनं कोणाच्या मयताला घेवड्याचं पातेलं नेलं नाही असं घर दाखव मला. आणि तिला आठ. सात मी धुऊन परत केली. बुडाला चिकटपट्टीवर नावं होती. एकावर नव्हतं."

"निळ्या काठाचं," वॅनेटाबाई म्हणाल्या.

"निळ्या काठाचं."

"ते माझं. पट्टी मी काढून टाकली होती."

मला वाटलं आता तो त्यांना दार दाखवेल. दाखवलं असतं तर मी काही बोलले नसते.

"घेवडा खारट झाला होता," तो म्हणाला.

वॅनेटाबाई रडायला लागल्या. पर्समधून रुमाल काढायला गेल्या तर पर्सच उघडेना. मी उघडून दिली.

"ही विकायची म्हणालीस," डेन्झिल त्यांचं रडणं ओसरल्यावर म्हणाला. "तीस मैलांवर ते दुसरं दुकान आहे. ते नंबर तपासत नाहीत. तिकडे का नाही गेलीस?"

"हार्लन मरताना म्हणाला होता, ओहायोत ने, बंदुकांच्या जत्रेत कोणालातरी देऊन टाक. जन्मभर मी त्याचं ऐकलं." त्यांनी नाक पुसलं. "तुम्ही तपासता म्हणूनच इथं आणली. मला नुसतं येऊन सांगता आलं नसतं. चार वेळा तुमच्या दारापर्यंत येऊन परत गेले आहे मी. म्हटलं, बंदूक पुढे ठेवावी. पुढचं तुमचा नियम करेल."

एवढ्या वर्षांत त्या नियमाची थट्टा न केलेलं माणूस खोऱ्यात सापडणार नाही, आणि ह्या बाईंनी त्याच्यावर एवढा भरवसा टाकला होता.

"शनिवारी बंबवाल्यांच्या हॉलमध्ये जेवण आहे," वॅनेटाबाई म्हणाल्या. "हंगामाच्या आधीचं. सगळं खोरं येतं. मी उभी राहीन आणि सगळ्यांसमोर सांगेन. हार्लनचं नाव घेऊन."

"कोणाला सांगशील?" डेन्झिलनं विचारलं.

"सगळ्यांना."

"सगळे कोण?" तो बोटांवर मोजायला लागला. "ज्यानं माझ्या जमिनीच्या फळ्या उचकटायला लावल्या तो शेरीफ टेकडीवरच्या कबरस्तानात झोपला आहे. चर्चमध्ये ओपलच्या शेजारचं बाक सोडून जी मागे जाऊन बसली, ती मॅग्डा क्रिट्स, तीही टेकडीवर. मला चोर म्हणणारे ड्यूई आणि त्याचा भाऊ, दोघंही. पाद्री गेला. वृद्धाश्रमात दोघं आहेत, त्यांना स्वतःचं नाव विचार, सांगता येणार नाही. शनिवारी हॉलमध्ये जी पोरं बसतील ना, त्यांना मी कोण तेच धड माहीत नाही. फार तर म्हणतील, म्हातारा चक्रम आहे, गुरुवारपर्यंत बंदूक अडकवून ठेवतो. त्यांनी मला चोर मानलं नाही. ज्यांनी मानलं ते सगळे मानूनच मेले."

वॅनेटाबाईंनी रुमालाची घडी पर्समध्ये परत ठेवली.

"या खोऱ्यात आता एकच उरलं आहे," डेन्झिल म्हणाला, आणि त्यानं माझ्याकडे बघितलं.

मी बंदुकीचा नंबर कागदाशी ताडून बघायला लागले. तो ताडून झालेला होता.

"वर्जिलची पोरगी तू," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाचा नंबर अर्ध्या मिनिटात सांगतेस. माझ्या नंबरला दीड मिनिट लागतं. बावीस वर्षं घड्याळ लावून बघतोय. का लागतं, पोरी?"

खोटं बोलायची सवय मला नाही असं नाही. पोलिसाच्या नोकरीत ती लागतेच. पण तिथं जमलं नाही.

"मी तुमचे नंबर दोनदा तपासायची," मी म्हटलं. "एकदा तुम्ही सांगाल तसा. मग एखादा आकडा तुम्ही मुद्दाम बदलून सांगितला असेल म्हणून, थोडा फिरवून. दर वेळी."

"कधी काही सापडलं?"

"नाही. एकदाही नाही."

"आणि तरी दर वेळी."

"तरी दर वेळी."

त्यानं मान डोलावली. रागावलेला दिसला नाही. दमलेला दिसला. मला माझ्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटली. नंबर स्वच्छ निघायचा, "स्वच्छ" असं मीच म्हणायची, आणि फोन ठेवताना मनात माझ्या बापाचं बोलणं. हजारएक बंदुकांनी साक्ष दिली तरी मला पटली नव्हती.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोल. मला कमी ऐकू येतं."

अर्ध्या मैलावर खारीनं अक्रोड फोडला तर कोणत्या झाडावर ते सांगणारा माणूस तो. मी दाराकडे बघितलं. ओसरीवरची दोघं अजून मान लांब करूनच बसली होती. मग मी काय समजायचं ते समजले. गुडघा दुखत होता तरी सरळ उभी राहिले, टोपी काढली आणि कवायतीच्या मैदानावर ओरडतात तशी बोलले.

"डेन्झिल कॉफमन, हार्लन टेटरची रायफल तुम्ही चोरली नव्हती! ती त्याच्याच भिंतीत होती. तुम्ही चोरलीत असं मी मानत आले. माझं चुकलं. मला माफ करा."

रस्त्यापलीकडे एकाचा कॉफीचा कप तोंडापर्यंत जाऊन तसाच राहिला. वॅनेटाबाई खुर्चीवरून उठून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, पर्स पोटाशी धरून, आणि म्हणाल्या, "खरं आहे. मी हार्लनची बायको सांगते." त्यांचाही आवाज चांगला खणखणीत निघाला.

डेन्झिलनं फडकं काउंटरवर ठेवलं. काउंटरच्या कडेला धरून तो सावकाश बाहेरच्या बाजूला आला, आमच्यासमोर उभा राहिला.

"पुन्हा एकदा सांग," तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं.